सामना, सूर्यास्त आणि कडक भाकरी

पंचांगात ज्याची नोंद नाही असा एक सण आता आपल्या घराघरांत रुजला आहे. भारताचा मोठा क्रिकेट सामना हा तो सण होय. त्या दिवशी सोलापूरच्या बाजारपेठा दुपारनंतर सुन्या पडतात. दुकानात गिऱ्हाईक आले, तरी मालकाचा एक डोळा कापडाच्या ताग्यावर आणि दुसरा कोपऱ्यातल्या पडद्यावर असतो. घरी बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली जाते. भाऊबंद, शेजारी, व्यापारातले स्नेही जमतात आणि माणसे जमली की त्यांच्यापुढे काहीतरी ठेवावेच लागते. इथपर्यंत आपली घरे आणि इतरांची घरे यांत फरक नाही. फरक पडतो तो सूर्य कलू लागल्यावर.

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरात सामन्याच्या दिवशी दोन वेळापत्रके शेजारी शेजारी चालतात. एक पंचांचे, दुसरे सूर्याचे. आणि ही दोन वेळापत्रके एकमेकांची पर्वा करत नाहीत. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावरील विश्वचषकाचा अंतिम सामना दुपारी अडीचला सुरू झाला. चैत्राच्या तोंडाशी सोलापुरात सूर्यास्त सहा-चाळीसच्या सुमारास होतो. म्हणजे पहिला डाव आटोपल्यावर मधल्या सुट्टीत घाईघाईने का होईना, पण ताटे आटोपता येतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादचा अंतिम सामना दोन वाजता सुरू झाला. परंतु कार्तिकातला सूर्य सहाची वाट पाहत नाही, पाच-पन्नासला तो क्षितिजाखाली जातो. २९ जून २०२४ चा बार्बाडोस येथील अंतिम सामना तर आपल्याकडे रात्री आठला सुरू झाला. तोवर आपल्या घरांतली स्वयंपाकघरे आवरून झालेली असतात. अशा वेळी पाहुण्यांपुढे काय ठेवावे, केव्हा ठेवावे आणि ते करणाऱ्या बाईने सामना पाहावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. आमच्या घरात मात्र तो बरीच वर्षे मुरलेला होता.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा क्रिकेट हे अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, दैनंदिन व्रतच होते म्हणावे इतके पक्के होते. पेढीवर बसून ते रेडिओवर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, कसोटी सामन्यात द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या, ही माहिती आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाला पाढ्यांबरोबर पाठ करावी लागे. १९८३ च्या विश्वचषकाची रात्र अण्णा अजूनही षटकागणिक सांगतात. भारत सर्व बाद १८३, वेस्ट इंडीज सर्व बाद १४०. हे आकडे ते असे उच्चारतात, की जणू पेढीच्या खतावणीतली जुळलेली बाकी वाचत आहेत.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे आकडे माहीत होते. पण त्यांनी त्यांतला एकही सामना पाहिला नव्हता. सामना त्यांना आवाजावरून कळे. बैठकीत एकदम आरडाओरडा झाला की चौकार, टाळ्या लांबल्या की षटकार, आणि सगळे एकाएकी गप्प झाले की आपला गडी बाद. कढईसमोर उभे राहून त्या हे सारे ओळखत. कारण आमच्याकडे सामन्याच्या दिवसाची रीत ठरलेली होती. गरम भजी, गरम चहा. मिरचीची भजी, ओव्याच्या पानांची भजी, कच्च्या केळ्याची भजी. एक घाणा बाहेर गेला की दुसरा कढईत. भजी थंड झाली की यजमानाची शोभा जाते, अशी सर्वांची समजूत असल्यामुळे कढईजवळची बाई जागची हलू शकत नसे.

हे केवळ श्रमाचे दुःख असते, तर त्या कदाचित कधी बोलल्याही नसत्या. अण्णा आणि आई दोघेही सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नसत. पण बैठकीतले सगळेच काही नियमाचे नव्हते. अण्णांचे लिंगायत मित्र, शेजारचे पद्मशाली यंत्रमागवाले, बाहेरगावचे व्यापारी यांच्यासाठी दिवे लागल्यानंतरही चहा आणि भजी चालूच राहत. पाहुणा हा पाहुणा. त्याला आपला नियम कसा लावायचा, असे म्हणून हे वर्षानुवर्षे चालले. २०११ साली धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकला, तेव्हा आई स्वयंपाकघरात होत्या. बाहेर फटाके वाजू लागल्यावर त्या हात पुसत बाहेर आल्या आणि तो षटकार त्यांनी पुन्हा दाखवला तेव्हा पाहिला.

बऱ्याच वर्षांनी, एका पर्युषणात शास्त्रवाचन ऐकून घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, “मी रात्री खाल्ले नाही कधी. पण केले तर आहेच ना? कृत, कारित आणि अनुमोदना असे तिन्ही सांगतात. दिव्याभोवती पाखरे फिरायची, कढई उघडी असायची. माझा नियम माझ्या ताटापुरताच राहिला.”

या वाक्यावर मी काही उत्तर दिले नाही, देण्यासारखे नव्हतेच. रात्रिभोजनत्यागाचे मूळ कारणच जीवरक्षा हे आहे. आपण खाल्ले नाही, पण आपल्या हातून रात्री तळले गेले, यात त्या मूळ कारणाचे काय उरले, हा त्यांचा प्रश्न सरळ होता. आणि तो प्रश्न कढईजवळ उभे राहून आयुष्य काढलेल्या बाईने विचारला होता. बैठकीत बसलेल्या कुणाला तो सुचला नव्हता.

त्यातून आम्ही सासूसुनांनी मिळून एक निश्चय केला. सामना कोणताही असो, सूर्य मावळला की गॅस बंद. घरच्यांसाठी बंद आणि पाहुण्यांसाठीही बंद. अण्णांनी मान डोलावली. यजमान म्हणाले, “लोक काय म्हणतील?” सर्वांत मोठी हरकत मात्र माझ्या मुलाची होती. कॉलेजात जाणारा तो मुलगा म्हणाला, “मग माझे मित्र इथे येणार नाहीत. आम्ही दुसऱ्या कुणाकडे तरी जमू.” दुसऱ्या कुणाकडे म्हणजे काय, हे आपल्यातल्या प्रत्येक आईला सांगण्याची गरज नाही. रात्री नऊला बाहेरून खोकी येतात आणि त्यांत काय काय घातलेले असते ते विचारायला तिथे कुणी नसते. घर नियमाने वागले म्हणून मूल घराबाहेर गेले, तर तो नियम कुणासाठी राखायचा? मला नियमही हवा होता आणि मुलगाही सतरंजीवरच हवा होता.

यावर उपाय एकच दिसत होता. खाणे आधी तयार असावे, पोटभरीचे असावे आणि सूर्य असतानाच बैठकीत यावे. पण आधी करून ठेवणे ही गोष्ट आपल्या घरात इतरांसारखी सोपी नसते. आदल्या रात्री भाजी करून शीतपेटीत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी गरम करून वाढावी, ही आजकालची सर्रास पद्धत आपल्याला चालत नाही. ओलसर अन्न रात्र ओलांडून गेले की ते शिळे. चव बदलली की चलितरस, म्हणजे अभक्ष्य. आमच्या दिगंबर परंपरेत प्रत्येक पदार्थाची मर्यादा ठरलेली आहे. डाळ, भात, कढी यांची दोन प्रहर, म्हणजे सहा तास. पोळी, पुरी, शिरा यांची चार प्रहर. मोहन घालून तळलेल्या पक्वान्नांची आठ प्रहर. पाण्याचा स्पर्श नसलेल्या पदार्थांची मर्यादा पिठाइतकी, आणि पिठाची हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३ दिवस. संप्रदायाप्रमाणे आणि गुरूंच्या उपदेशाप्रमाणे या मुदतींत फरक असतो. ज्यांच्या घरी त्यागींचा चौका लागतो त्यांचा शोध आणखी काटेकोर असतो. त्यांनी आपापल्या घरची रीत प्रमाण मानावी.

लहानपणी मला ही मर्यादांची यादी म्हणजे निव्वळ अडथळ्यांची यादी वाटत असे. सामन्याच्या निमित्ताने ती हाती घेऊन बसले, तेव्हा ध्यानात आले की हे तर स्वयंपाकाचे तयार वेळापत्रकच आहे. कोणता पदार्थ किती आधी करावा हेच त्यात लिहिलेले आहे. जो कोरडा तो सर्वांत आधी. ज्यात पाणी आहे तो त्याच दिवशी. ज्यात पाणी जास्त तो सर्वांत शेवटी. मी कागदावर तीन रकाने पाडले: चार दिवस आधीचे, त्या दिवशी सकाळचे आणि दुपारचे.

पहिल्या रकान्यात सोलापूर आपसूकच आले. आपला मुलूख कोरडा, आपली ज्वारी मालदांडी, आणि आपल्या मातीतले खाणेही टिकणारे. कडक भाकरी हे त्याचे उत्तम उदाहरण. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मीठ घालून चांगले मळावे, वर तीळ लावून भाकरी शक्य तितकी पातळ थापावी, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावी आणि मग मंद आचेवर उभी-आडवी फिरवत तिच्यातला ओलावा पूर्ण जाईपर्यंत वाळवावी. बोटाने टिचकी मारली की खणखणीत वाजली पाहिजे. शहरात अनेक भगिनी घरी या भाकरी करून विकतात. त्यांच्याकडून पीठ आणि पाणी यांची खात्री करून घेतल्या तरी चालते. ती पाण्याने मळलेली असल्यामुळे काही घरांत त्याच दिवशीची चालते, दुसऱ्या दिवशीची नाही. आमच्याकडे अण्णा आणि आईंसाठी सकाळी चार ताज्या करून वाळवतात, बाकीच्यांना डब्यातली.

कडक भाकरीची जोडीदार शेंगाचटणी. बाजारात मिळणाऱ्या चटणीत लसूण असतो आणि लसणाशिवाय ती होतच नाही असे अनेकांना वाटते. तसे मुळीच नाही. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर, साल सुटेपर्यंत आणि आतून खमंग होईपर्यंत भाजावेत. घाई केली तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. साले पाखडून काढावीत. चार मोठे चमचे लाल तिखट, दीड चमचा भाजलेले जिरे, चवीपुरते मीठ आणि चिमूटभर हिंग घालून उखळात कुटावे. कुटता कुटता दाण्याला तेल सुटते आणि चटणीचे गोळे होऊ लागतात, तीच खूण. उखळ नसेल तर मिक्सर थांबून थांबून फिरवावा. एका दमात फिरवला की चटणीऐवजी लगदा हाती येतो. लसणाची उणीव जिरे आणि हिंग भरून काढतात. आणि दाणा नीट भाजला असेल, तर उणीव जाणवतच नाही.

याच रकान्यात भाजक्या पोह्यांचा चिवडा येतो. त्यात कांदा नाही, लसूण नाही. सुके खोबरे, दाणे, डाळे, कढीपत्ता आणि थोडी पिठीसाखर. कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होऊ द्यावा, नाहीतर त्याच्या ओलाव्याने सारा चिवडा मऊ पडतो.

दुसऱ्या रकान्यात सकाळचे पदार्थ. ज्वारी, गहू आणि हरभऱ्याच्या पिठाचे धपाटे. आत तीळ, ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि दुधीभोपळ्याचा कीस. इतरत्र धपाट्याबरोबर दही वाढतात. आपण ते टाळावे, कारण हरभऱ्याचे पीठ आणि कच्चे दही यांचा द्विदल होतो. त्याऐवजी शेंगाचटणीवर तेलाची धार पुरेशी होते. गोडासाठी शेंगापोळी. भाजलेल्या दाण्यांचे कूट आणि गूळ एकजीव करून भरलेली ही पोळी सोलापूरच्या पाहुणचाराची खूण आहे. ती गरम असण्याची अट नाही, किंबहुना थोडी निवली की गूळ आत बसतो आणि चव वाढते. कच्च्या केळ्यांचे वेफरही सकाळीच तळून घ्यावेत.

तिसऱ्या रकान्यात एकच पदार्थ आहे, आणि मुलांनी घरी थांबावे ते त्याच्यासाठीच. वाळलेले पांढरे वाटाणे सकाळी उन्हे वर आल्यावर गरम गाळलेल्या पाण्यात भिजत घालावेत. दुपारी एकच्या सुमारास हळद आणि हिंग घालून शिजवावेत आणि जिरे, आल्याऐवजी सुंठ, धणेपूड, गरम मसाला यांची फोडणी द्यावी. बटाटा लागतच नाही. दाटपणासाठी उकडलेले कच्चे केळे कुस्करून घालावे. वाढताना थाळीत कडक भाकरीचे तुकडे मोडून घालावेत, त्यावर हा रगडा, त्यावर चिंच-गुळाची चटणी, कोथिंबीर आणि शेव. आमटीत कडक भाकरी चुरून खाणे हे तर आपल्या भागातले जुनेच सुख आहे. त्यालाच जरा नवे रूप दिले एवढेच. पंधरा माणसांना पाऊण किलो वाटाणे, दहा-बारा भाकरी आणि सहा केळी पुरतात. एकला केलेला रगडा पाचपर्यंत संपला, म्हणजे दोन प्रहरांची मर्यादाही आपोआप पाळली जाते.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी या रकान्यांची पहिली परीक्षा झाली. त्या दिवशी डाव संपण्याची वाट पाहिली असती, तर सूर्याने आमची वाट पाहिली नसती. म्हणून साडेचारलाच बैठकीत डबे, पातेले आणि थाळ्या नेऊन ठेवल्या आणि ज्याचे पान त्याने वाढून घ्यावे असे जाहीर केले. अण्णांचे मित्र प्रथम बिचकले. वर्षानुवर्षे ज्यांच्या हाती बशी आयती येत होती, त्यांना पळी कुठे आहे हेही विचारावे लागले. पण दहा मिनिटांत सगळे रुळले. सव्वापाचला शेवटचा चहा झाला, साडेपाचला भांडी घासून पालथी घातली आणि पावणेसहाला स्वयंपाकघराचा दिवा मालवला. पुढे काय झाले ते सर्वांनाच आठवते. २४० धावा पुरल्या नाहीत, ट्रॅव्हिस हेडने १३७ काढल्या आणि बैठकीत शोककळा पसरली. पूर्वी हरलेल्या सामन्यानंतर भज्यांचे ढीग तसेच राहत, कुणाच्या घशाखाली उतरत नसत आणि दुसऱ्या दिवशी ते टाकावे लागत. त्या रात्री टाकण्यासारखे काहीच नव्हते. उरलेल्या भाकरी, चटणी आणि चिवडा आपापल्या डब्यांत जाऊन बसले होते. हरल्याचे दुःख झाले. अन्न मात्र वाया गेले नाही.

खरी कसोटी लागली ती २ नोव्हेंबर २०२५ रोजी. नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. त्याआधी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या, तेव्हापासून आमच्या घरातल्या बायकांचा सूरच पालटला होता. सांगलीची स्मृती मंधाना संघात होती. आपल्याच जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातून पुढे आलेली, भारताकडून खेळलेली किरण नवगिरे हिने त्याच ऑक्टोबरात महाराष्ट्राकडून अवघ्या ३४ चेंडूंत शतक ठोकले होते, त्याचीही चर्चा मंदिराच्या पायऱ्यांवर होत होती. यंदा सतरंजीवर पुरुषांइतक्याच बायका बसणार हे उघड होते. मग कढईजवळ कोण उभे राहणार?

अष्टाह्निक पर्व चालू होते. आईंचे आठही दिवस एकाशन. त्यांचे एक वेळचे जेवण दुपारी बाराच्या आत झाले आणि त्या दिवसापुरत्या त्या स्वयंपाकघरातून मोकळ्या झाल्या. सामना तीनला सुरू व्हायचा होता, पण नवी मुंबईत पाऊस लागला. एक तास गेला, दीड तास गेला. जुन्या रीतीने चालत असतो तर पीठ भिजवून, तेल तापवून सामन्याची वाट पाहत बसलो असतो आणि अखेर दिवेलागणीला कढई चढली असती. आता वाट पाहण्यासारखे काही नव्हते. तिकडे मैदानावर आच्छादन होते आणि इकडे आम्ही चारच्या सुमारास थाळ्या काढल्या. मुलाचे सहा मित्र आले होते. त्यांतले चार आपल्या समाजाचे नव्हते. त्यांनीच रगडा दुसऱ्यांदा घेतला. मुलाने स्वतः भाकरी मोडून सर्वांना दिल्या. यजमानांनी आणि धाकट्या दिरांनी भांडी विसळली. पाचला सामना सुरू झाला. सहाला पाच मिनिटे कमी असताना सूर्य मावळला आणि तोवर घरातली एकही बाई स्वयंपाकघरात नव्हती.

आई भिंतीला टेकून बसल्या. शेफाली वर्माच्या ८७ धावा त्यांनी एकेक मोजून पाहिल्या. षटक म्हणजे सहा चेंडू हे त्यांना ठाऊक होते. पण यष्टिरक्षक यष्टींपासून किती दूर उभा राहतो, क्षेत्ररक्षक दर षटकाला जागा कशा बदलतात, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले आणि नातवाला प्रश्न विचारून विचारून हैराण केले. भारताच्या २९८ झाल्या. समोरच्या कर्णधाराने, लॉरा वोल्व्हार्टने, शतक काढले तेव्हा त्या म्हणाल्या, “ती पोरगी चांगली खेळते हो,” आणि टाळी वाजवली. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. दीप्ती शर्माने पाच गडी बाद केले. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि भारत ५२ धावांनी जिंकला. मुले नाचू लागली. आईंनी एवढेच विचारले, “आता पुन्हा दाखवतील ना? पण मी पाहिले आहे. पहिल्याच वेळी पाहिले.”

हे सर्व लिहिताना सारेच प्रश्न सुटले असा आव मला आणायचा नाही. रात्री साडेसात-आठला सुरू होणाऱ्या सामन्यांना आमच्या तीन रकान्यांचे उत्तर अपुरे पडते. २९ जून २०२४ च्या रात्री मुलगा घरी जेवून मित्राकडे गेला आणि भारताने सात धावांनी विजय मिळवल्यावर मध्यरात्रीनंतर परतला. तिथे काय खाल्ले, ते मी विचारले नाही. पण जाताना तो म्हणाला होता, “जेवून जातो, म्हणजे तिकडे लागणार नाही.” कुणी बजावले नसताना तो हे म्हणाला. सक्तीने याहून अधिक काही साधले असते असे मला वाटत नाही. तारुण्यातल्या मुलाला नियम शिकवायचा तर त्याला आधी त्या नियमाच्या चौकटीत पोटभर आणि आनंदाने खाऊ घालावे लागते. उपाशी पोटी ऐकलेला उपदेश उंबरठ्याबाहेर टिकत नाही.

आणखी एक गोष्ट व्यापारी घरांतल्या बंधूंसाठी. माल आधी भरून ठेवला की हंगामात धावपळ होत नाही, हे आपण पेढीवर रोज पाळतो. तेच शहाणपण स्वयंपाकघरात लागू करायला आपल्याला इतकी वर्षे का लागावीत? गरम घाण्यांचा आग्रह हा पाहुण्याच्या जिभेचा कमी आणि आपल्या मोठेपणाचा अधिक असतो. आमच्याकडे येणाऱ्या एकाही पाहुण्याने आजवर भजी मागितलेली नाहीत. अण्णांचे एक लिंगायत मित्र तर आता सामन्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारतात, “रगडा आहे ना? मग चारलाच येतो.”

ज्या भगिनींना हे करून पाहावयाचे असेल त्यांनी प्रथम सामन्याची वेळ आणि त्या दिवसाचा सूर्यास्त एका कागदावर लिहावा. सूर्यास्तातून दीड तास वजा करावा. ती वाढण्याची वेळ. त्याआधी तीन-चार तास रगड्याची वेळ, सकाळ धपाटे आणि शेंगापोळीची, आणि त्याआधीचे चार दिवस भाकरी, चटणी व चिवड्याचे. अष्टमी-चतुर्दशी असेल तर कोथिंबीर, मिरची, दुधी आणि केळी वगळावीत; तीळ आणि लाल तिखटावर धपाटे उत्तम होतात आणि वाटाणे थोडे कुस्करले की रगड्यालाही दाटपणा येतो. ज्यांचा सूर्यास्तानंतर पाण्याचा त्याग नाही, त्यांच्यासाठी उकळून निववलेले पाणी बैठकीतच ठेवावे, म्हणजे त्या निमित्तानेही कुणाला उठावे लागत नाही.

आपापल्या घरी टिकाऊ आणि मर्यादेत बसणारे आणखी पदार्थ असतीलच. कुणाच्या आजीची दशमी असेल, कुणाच्या माहेरचा खाकरा असेल. ते करण्याच्या रीतीसह लिहून पाठवावेत, ही विनंती. आमच्या कागदावर चौथा रकाना आखून ठेवला आहे.

जय जिनेंद्र.